मागच्या ओळीतली अकरा पिंपं

पिंपांना रंग मी दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी शोधत बसायला नको.

आमचा कारखाना प्लेटिंगचा. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, सायकलीचे भाग, जे येईल त्याच्यावर चमक चढवायची. तिथल्या गोदामात मी एकतीस वर्षं काढली. या कामाला दोन गोष्टी लागतात, सायनाइड आणि ॲसिड, आणि त्यांची गाठ पडू द्यायची नसते. लांब असतात तोवर दोघं मुकाट्याने कामं करतात. एकत्र आली की त्यातून जो वायू निघतो, त्याच्यापुढे माणूस फार श्वास टिकत नाही. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जायचं, हजेरी लावायच्याही आधी.

शिकवणारे आमचे उस्ताद, टाक्यांवरचे जुने कारागीर. त्या काळी आमच्यातल्या निम्म्यांना अक्षर कळत नव्हतं, मलाही नाही. म्हणून त्यांनी पट्ट्यांची रीत पाडली. सायनाइडच्या पिंपाला वीतभर रुंद लाल पट्टा, कॉस्टिक सोड्याच्या पिंपाला निळा. ॲसिडचे कॅन पिवळे, आणि ते अंगणापलीकडे, वेगळ्या छपराखाली. आम्ही सायनाइडला नावाने हाक मारत नसू. नुसतं 'लाल' म्हणायचो. "आज दोन लाल काढ." "लालला हात लावलास ना? मग आधी हात धू, मग नाक खाजव." उस्ताद गेले, पट्टे राहिले. एवढ्या वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. आधी बिस्किटांच्या कारखान्यात होते म्हणे. गोदामात पाऊल टाकलं आणि पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "ही काय सर्कस लावलीय?"

परवानगी पाच लाल पिंपं ठेवायची होती. साहेबांनी सोळा आणून ठेवली. मग तपासणी येणार असा निरोप आला, तेव्हा जास्तीच्या अकरा पिंपांचं काय करायचं हा प्रश्न पडला. त्यांनी राखाडी रंगाचे डबे मागवले, एक ब्रश माझ्या हातात दिला आणि सांगितलं, सगळी पिंपं एकसारखी करा. दोन दिवस मी पट्टे बुजवत होते. रंग वाळला तसे ते छापील लेबलं घेऊन आले. त्या अकरा पिंपांवर लावायच्या लेबलांवर काय लिहिलंय ते मी वाचलं.

"साहेब, यावर सोडा लिहिलंय."

"हो."

"आत सोडा नाहीये."

"मावशी, लेबलावर सोडा आहे ना? मग आत सोडा आहे."

"आणि आम्ही ओळखायचं कसं?"

ते हसले. "तुम्ही वाचायला शिकलात तेच चुकलं बघा."

मी बावन्नाव्या वर्षी कामगारांच्या वर्गात जाऊन अक्षरं गिरवली होती. ते सगळ्यांना माहीत होतं. बाकीचे दोघं-तिघं हसले. मी लेबलं चिकटवली. पाण्यात राहून माशाशी वैर नको, असं तेव्हा मनाला समजावलं. आता वाटतं, तो ब्रश तिथेच त्यांच्या बुटांवर फेकायला हवा होता.

माझा जावई त्याच कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. मी लेकीकडेच राहते, त्यामुळे सकाळी आम्ही दोघं एकाच बसने निघायचो. पिंपांना हात लावणारे आम्ही दोघंच. मी सांगायची, तो हलवायचा. त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या मी त्याला बजावलं, "भिंतीला लागून मागच्या ओळीत अकरा पिंपं आहेत. वर सोडा लिहिलंय. आत लाल आहे. लक्षात ठेवा."

"मागची ओळ, अकरा," तो म्हणाला. "साहेबांचं डोकं पण त्यातल्याच एकात ठेवलंय का?"

असा होता. तोंडाने फटकळ, मनाने मोकळा. लेकीला कधी एक शब्द लागेल असा बोलला नाही. मला मात्र चिडवायचा. आणि मी चिडायची.

पुढच्या आठवड्यात एका सुट्टीच्या सकाळी मी पेपर वाचत बसले होते. बोट ठेवून वाचते मी, ओळ सुटते नाहीतर. शेजारची मंडळी आली होती. हा चहाचा कप घेऊन उभा, म्हणतो, "आई, जरा घाई करा. उद्याचा पेपर येऊन दारात पडेल." सगळे हसले. लेकसुद्धा हसली. मला झोंबलं. मी पेपरची घडी केली, आत गेले आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

तो माझी समजूत काढत राहिला. बसमध्ये खिडकीची जागा द्यायचा, "जावईबापूंवर राग आहे वाटतं," म्हणायचा. मी बाहेर बघायची. कामापुरतं दुसऱ्याच्या तोंडून सांगायची. एक दिवस, दोन दिवस. मला त्यात मजा यायला लागली होती, हे खरं ते लिहिते. माझ्यासाठी कोणी ताटकळतंय याची मजा.

तिसऱ्या दिवशी त्याला माल पोचवायला बाहेर पाठवलं होतं. त्या दिवशी साहेब गोदामात आले आणि म्हणाले, मागे अंधारात ढीग दिसतो, तपासणीवाल्यांना वाटेल काहीतरी लपवलंय. रोजंदारीवरची चार माणसं आणून त्यांनी पिंपं उलटसुलट लावून घेतली. मागची पुढे, पुढची मागे. दोन मावेनात, ती गेटजवळ ताडपत्रीखाली ठेवली. मी प्रत्येक पिंपावर नजर ठेवून होते. माझ्याच हाताचा रंग, कुठे ओघळलाय, कुठे ब्रशचा केस चिकटलाय, मला पाठ होतं. कुठलं लाल कुठे गेलं ते मी सांगू शकत होते.

त्या रात्री जेवताना तो समोर होता. सांगायचं ओठावर आलं. मग मनात म्हटलं, उद्या त्याने आधी बोलू दे. खरं तर तो रोजच आधी बोलत होता.

चौथा दिवस. सकाळचे साडेदहा. मी अंगणापलीकडे पॅकिंगच्या दारात उभी होते. गोदामातून धप्प आवाज आला. फोर्कलिफ्टचं टोक पुढच्या ओळीतल्या एका पिंपात घुसलं होतं आणि भोकातून पांढरे खडे घरंगळत होते. जावई खाली उतरला, लेबल बघितलं, फावडं आणलं, खडे भरून एका बादलीत टाकले. खाली पांढरा चुरा राहिला. ते पिंप लाल होतं हे मला माहीत होतं, पण कोरडं उचलून झालंय, आता थांबेल, असं वाटलं.

आता एक आमची रीत सांगते. सोडा सांडला की फावड्याने उचलायचा, उरलेल्या थरावर टाकाऊ ॲसिडचा एक मग फिरवायचा, फसफसून झालं की धुवायचं. नुसत्या पाण्याने धुतलं तर फरशी दोन दिवस बुळबुळीत राहते. कुठल्या पुस्तकात ही रीत नसेल. आम्ही वर्षानुवर्षं केली, कारण सोडा निळ्या पट्ट्यात असायचा आणि डोळे मिटूनही कळायचा. जावयाला ती मी शिकवली होती.

तो मग घेऊन पिवळ्या कॅनकडे जाताना मला दिसला. भरून परत येताना दिसला. मी ओरडले. चार दिवस बंद ठेवलेलं तोंड उघडून जीव खाऊन ओरडले. फोर्कलिफ्टचं इंजिन चालूच होतं. त्याने मान वळवली, मी हात हलवतेय ते पाहिलं आणि हसला. सासूबाई बोलल्या एकदाच्या, असं वाटलं असणार त्याला. हसता हसता त्याने मग रिता केला.

फरशीवर फसफसलं. तो दोन पावलं मागे सरला, गळ्याकडे हात नेला, दाराकडे वळला. उंबरठ्यावर गुडघ्यावर आला आणि पालथा पडला. पाय आत, डोकं बाहेर.

पॅकिंगचा एक दांडगा गडी माझ्या बाजूने धावत सुटला. मी त्याचा कमरेचा पट्टा मागून धरला.

"सोड मावशी! मरतोय तो!"

"म्हणूनच सोडत नाही. तू पण मरशील."

"तुझा जावई आहे तो!"

"मला सांगतोस?"

उस्तादांचा हाच पहिला धडा होता: पडलेल्याला धरायला धावलात तर एकाचे दोन होतात. या वायूचा कडवट वास येतो म्हणतात. काहींना येतो, काहींना येतच नाही. मला जन्मात कधी आला नाही. म्हणजे कुठवर पसरलाय हेही मला कळणार नव्हतं. मी सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला, गेटकडे पिटाळलं. कोणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला.

हवेच्या बाटलीचा एक मुखवटा कारखान्यात होता. तो घालून आत जाता येतं. पण तो साहेबांच्या केबिनमागच्या कपाटात, आणि किल्ली साहेबांच्या खिशात. मी केबिनमध्ये घुसले तर साहेब फोनवर. "मालकांशी बोलतोय," म्हणत त्यांनी मला पंजा दाखवला. मी फोन हिसकावून टेबलावर आपटला, तेव्हा किल्ली निघाली. कपाट उघडलं. बाटलीचा काटा शून्यावर. नवी कोरी लाल बाटली, भिंतीवर टांगून फोटो काढण्यापुरती.

दल यायला नऊ मिनिटं लागली. नऊ मिनिटं मी लांबून त्याची पाठ वरखाली होताना बघत होते. मधेच थांबायची. मधेच अंगाला झटके यायचे. माणसाला जवळ जाता येत असतं आणि जायचं नसतं, हे ज्याने सोसलं नाही त्याने मला धीराच्या गोष्टी सांगू नयेत.

दलाची प्रमुख तिशीतली बाई होती. उतरल्या उतरल्या तिने चिमूटभर धूळ हवेत सोडली, वारा बघितला, गाडी मागे घ्यायला लावली. तिची दोन माणसं पाठीवर बाटल्या चढवू लागली, तिसरा पाण्याचा पाइप उलगडू लागला.

"काय सांडलं?" तिने विचारलं.

साहेब पुढे झाले. "सोडा. कॉस्टिक सोडा. लेबल बघून घ्या. तो माणूस घसरून पडला असणार, डोक्याला लागलंय."

"सोड्याने झटके येत नाहीत."

"फिट येत असेल त्याला. या लोकांचं काय सांगता येतं?"

मी म्हणाले, "सायनाइड आहे. त्यावर ॲसिड पडलंय."

"मॅडम, ही गोदामातली बाई," साहेब म्हणाले. "अडाणी आहे. आणि तिचाच जावई आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही."

बाईने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "मावशी, नीट ऐका. माझी माणसं मुखवटे घालून त्याला बाहेर काढतीलच. पण बाहेर काढून त्याला द्यायचं काय? सायनाइडवरचं औषध मोठ्या हॉस्पिटलातून मागवावं लागतं. तिथे मोजके डोस असतात. मला खात्रीने सांगावं लागेल."

गेटजवळची ताडपत्री मी ओढली. दोन पिंपं. डावीकडच्या पिंपाच्या काठाखाली रंगाचा ओघळ होता, त्यावरून ओळखलं, हेच ते. मी कनवटीची घराची किल्ली काढली आणि पिंपाच्या पोटावर ताकद लावून ओढली. राखाडी साल निघाली. खाली लाल.

"हा पट्टा सायनाइडचा," मी म्हणाले. "आत फुटलेलं पिंप याच्याच जोडीचं. रंग मी दिलाय, या दोन हातांनी. आणि तो पाइप आधी थांबवा. आतली नाली ॲसिडच्या खड्ड्याला मिळते. पाणी मारलंत तर सगळा चुरा वाहून तिथे जाईल."

"पाणी बंद!" बाई ओरडली. "आत एक थेंब नाही!" आणि वायरलेसवर तिने हॉस्पिटलला विषाचं नाव सांगितलं. साहेबांकडे वळून एवढंच म्हणाली, "तुम्ही माझ्या नजरेसमोर उभे राहा. हलू नका."

दोघांनी त्याला उचलून बाहेर आणलं. कपडे कापून काढले, बाजूला धुतलं, ऑक्सिजन लावला. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका, असं बाई सगळ्यांना बजावत होती. औषध घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स आली. ते औषधही लालभडक. सलाइनमधून त्याच्या अंगात गेलं, तसा त्याचा रंगच बदलला, कोणी तांबडी माती फासावी तसा. मी अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात उभी राहून त्याच्या छातीकडे बघत होते. ती हलत होती. दलाची माणसं मग आत शिरली, कोरड्या फावड्यांनी चुरा उचलून झाकणाच्या डब्यात भरत राहिली. संध्याकाळपर्यंत आसपासच्या चार कारखान्यांना टाळं होतं.

तो वाचला. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. लेकीला ओळखलं. पण उजवा हात थरथरायचा थांबेना, आणि बोलताना शब्द सापडत नव्हते. ज्या तोंडाने जगाच्या टोप्या उडवल्या, ते तोंड 'पाणी' म्हणायला अर्धं मिनिट घेत होतं. डॉक्टर म्हणाले, काही सुधारेल, किती ते सांगता येत नाही.

त्याच दुपारी साहेब आले. फळांची पिशवी घेऊन. लेक बाकावर बसली होती, त्यांनी मला जरा बाजूला घेतलं आणि एक कागद काढला.

"चौकशी लागलीय, मावशी. साधी गोष्ट आहे. कामगाराने नियम मोडून ॲसिड ओतलं, एवढंच लिहिलंय. तुम्ही गोदामाच्या, म्हणून तुमची सही."

"नियम मोडून?"

"मोडलाच ना? कुठल्या नियमात लिहिलंय ॲसिड ओता म्हणून? ती रीत त्याला कोणी शिकवली, ते मी विचारत नाहीये. रंग कोणी दिला, तेही नाही. विचारलं तर नाव तुमचंच निघेल. आपलेच दात, आपलेच ओठ. कशाला?"

पिशवीतली फळं त्यांच्या तोंडावर मारावीत असं वाटलं. पण लेक उठून आमच्या मागे उभी होती.

"आई, कसला रंग?" ती म्हणाली. "कसली रीत?"

मी तिथेच, साहेबांसमोर, तिला सगळं सांगितलं. पट्टे, अकरा पिंपं, ॲसिडचा मग. साहेब मान डोलवत होते, मी स्वतःच खड्डा खणतेय म्हणून खूश. मग मी पुढचं सांगितलं. पिंपं हलवली ते मला माहीत होतं, चार दिवस मी बोलत नव्हते म्हणून त्याला सांगितलं नाही.

लेकीने पिशवी उचलली, साहेबांच्या हातात कोंबली.

"तुम्ही निघा, साहेब."

"ताई, मी तुमच्याच भल्यासाठी..."

"निघा म्हटलं ना. हिचं काय करायचं ते मी बघते. तुमचं काय करायचं ते पण बघते."

ते गेले. मग ती माझ्यावर तुटून पडली. वॉर्डातली माणसं दारात येऊन बघायला लागली, इतकी. "पेपरवरून हसला म्हणून? एवढ्याशा गोष्टीवरून? अगं, रोज रात्री मला विचारायचा, आई कधी बोलणार! मी म्हणायची, बोलेल, जरा फुगलीय!" मी ऐकून घेतलं. माफी मागितली असती, पण माफी म्हणजे तिच्याकडून अजून काहीतरी मागणंच झालं असतं.

दोन दिवसांनी चौकशीचं बोलावणं आलं. लेक माझ्याबरोबर आली. वाटेत एकच शब्द बोलली, "सगळं." कचेरीबाहेरच्या बाकावर ती बसली, मी आत गेले.

चौकशी अधिकारी वयाने बरे होते, चष्मा पुसत ऐकत होते. साहेबांचा तो कागद त्यांच्याकडे होताच, खाली दुसऱ्याच कोणाची तरी सही. मी पहिल्यापासून सांगितलं. परवानगी पाचची, आणली सोळा. लेबलं कोणी आणली, चिकटवली कोणी. पिंपं कोणी हलवायला लावली. कपाटातली रिकामी बाटली. दलाच्या बाईला तोंडावर सांगितलेलं खोटं. आणि माझं मौनही. कारकून लिहिता लिहिता थांबला आणि विचारलं, "हे घरातलं पण लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा घातला. "मावशी, समजतंय ना? रंग तुम्ही दिला, लेबलं तुम्ही लावली, ठाऊक असून गप्प राहिलात. हे तुमच्यावरही येईल."

"येऊ दे," मी म्हणाले. "पण आधी त्या साहेबावर येऊ दे. मी रांगेत त्याच्या मागे उभी आहे, कुठे पळत नाही. एवढंच बघा, की माझा नंबर आला तेव्हा पुढची जागा रिकामी नको."

कारकुनाने तेही लिहिलं. मला वाचून दाखवायला लागला, तर मी कागद मागून घेतला. बोट ठेवून, एकेक ओळ, मी तो पूर्ण वाचला. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मग सही केली.

बाहेर लेक उभी राहिली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"त्या माणसाचं नाव घेऊन?"

"नाव घेऊन. आणि माझं पण."

तिने माझ्याकडे बघितलं. राग गेला नव्हता. जायला नकोच होता, मलाही नको होता तो गेलेला.

"मग चल. त्याला भरवायची वेळ झाली," ती म्हणाली, आणि माझी वाट न बघता पुढे निघाली.